लेलँडनं पाहिलेला डोंगर

डेकोरा, आयोवा
३० मे १९८७

प्रिय मार्व्हल,

सिएटलला मुलाच्या घरी सुखरूप पोचलात, पलंग मऊ आहे, आणि सून सकाळी कॉफी अंथरुणात आणून देते, हे तू एका पानात तीनदा लिहिलं आहेस. कळलं गं बाई. एकदाच लिहिलं असतंस तरी मला झोंबलं असतं.

तुझी जिरेनियम जिवंत आहेत. रोज संध्याकाळी मी नॉर्मनचा ट्रक घेऊन शेतावरून गावात येते, तुझ्या कुंड्यांना पाणी घालते आणि तुझ्या मांजरीला जेवायला घालते. ती माझ्याकडे अशी बघते, जणू मी पगारी बाई आहे. वळण मालकिणीचंच असणार.

आता स्पष्टच लिहिते, मनात ठेवलं तर माझी झोप उडते. अलास्काची ती पुस्तिका माझी होती. नऊ वर्षं माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात होती. आधी काचेच्या छताची रेल्वे, मग रानातली लाकडी घरं, मग बोट, ती थेट हिमनद्यांच्या तोंडाशी जाणारी. मला सगळं तोंडपाठ आहे. ख्रिसमसला तू माझ्याकडे बटाटे सोलायला बसलीस, सुरी शोधायला खण उघडलास आणि म्हणालीस, "हे काय गं?" मी मूर्खासारखं सगळं रंगवून सांगितलं. फेब्रुवारीत तुमची तिकिटं आली! तू, जिला ऑगस्टमध्येसुद्धा स्वेटर लागतो!

मी का गेले नाही ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. अलास्काचं नाव काढलं की नॉर्मनचं ठरलेलं उत्तर, "पाहिलाय मी. सैन्यानं फुकट दाखवला." युद्धात सव्वा वर्ष तो तिथल्या बेटांवर होता. "धुकं आणि चिखल, आर्डिस. ते बघायला पैसे मोजायचे?" गाई विकल्या तेव्हा वाटलं, आता तरी हा माणूस मोकळा होईल. तर आता त्याचे टोमॅटो आहेत.

असो. तू आणि तुझा लेलँड मजा करा. मनापासून म्हणतेय, निदान तसा प्रयत्न करतेय. डेनाली डोंगराचं मात्र मला नीट लिही. तो बहुतेक वेळ ढगातच असतो आणि निम्म्याहून जास्त लोक त्याला न बघताच परततात, असं पुस्तिकेत होतं. तुला दिसला नाही तर मला फार वाईट वाटेल, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू?

आर्डिस

*

टॉकीटना, अलास्का
७ जून १९८७

प्रिय आर्डिस,

तुझं पत्र सिएटल सोडायच्या आदल्या दिवशी मिळालं. मी मनावर घेतलेलं नाही. लहानपणी माझ्या वाढदिवसाचा केक कापला की तुझ्या पोटात दुखायचं, आपली आई सांगायची ते आठवलं आणि हसू आलं.

रेल्वेचं छत खरंच काचेचं आहे. मान दुखेपर्यंत वर बघायचं. काल एका तळ्यात घोड्याहून उंच मूस उभा होता, मोठाली पसरट शिंगं, तोंडातून शेवाळ लोंबतंय आणि आमच्याकडे बघतोय. लेलँड म्हणाला, "जेवताना काही विचारलं की नॉर्मन असाच बघतो."

इथे सामानाची पद्धत बघितलीस तर तू खूश होशील. नाश्त्याला जाण्याआधी बॅग दाराबाहेर ठेवायची. ती ट्रकनं पुढे जाते आणि पुढच्या मुक्कामी आपल्याला खोलीत मिळते. आपण हातात पर्स घेऊन राणीसारखं फिरायचं. टेक्ससच्या एका गृहस्थांनी परवा बूटसुद्धा बॅगेत घातले आणि बिचारे दिवसभर सपाता घालून अस्वलं शोधत होते.

या लॉजमध्ये अजून एक गंमत आहे. काउंटरवर खोलीचा नंबर देऊन ठेवायचा. डोंगर ढगातून बाहेर आला की एक मुलगी येऊन दार ठोठावते, मग पहाट असो नाहीतर काही असो. रात्रभर उजेडच असतो म्हणा.

आणि हो, दिसला! आम्हाला डोंगर दिसला. काय सांगू, फार मोठा आहे. पांढरा. शब्दच नाहीत. लेलँड आणि मी हातात हात घालून उभे होतो.

बाकी मंडळी ठीक आहेत. विनिपेगच्या एक विधवा बाई आहेत, ओडेट नावाच्या. फ्रेंच वळणाचं बोलतात, रोज नवा स्कार्फ बांधतात. लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

इथून पुढे बसनं आठवडाभर भटकायचं आणि मग बोट. पत्र पाठवायचं असेल तर जुनो बंदरातल्या बोटीच्या एजंटकडे पाठव, पत्ता मागे लिहिलाय. जिरेनियमची सुकलेली फुलं खुडत जा.

तुझी,
मार्व्हल

*

डेकोरा
१४ जून १९८७

प्रिय मार्व्हल,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी ते ओट्यापाशी उभ्यानंच वाचलं आणि "हातात हात घालून" या शब्दांवर माझी कॉफी सांडली. शुक्रवारची आख्खी रात्र मी जळत काढली. खोटं बोलत नाही, नॉर्मननं विचारलं, "पित्त झालंय का?"

शनिवारी लेलँडचं कार्ड आलं, नॉर्मनच्या नावे. समोर डोंगराचं चित्र. मागचा मजकूर जसाच्या तसा देते.

"नॉर्मन, आज पहाटे डोंगर उघडला. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. मार्व्हल झोपली होती. विनिपेगच्या ओडेटबाई होत्या, त्यामुळे सोबत झाली. तुझे टोमॅटो कसे आहेत? लेलँड."

आता बोल, मार्व्हल. कुणाच्या हातात कुणाचा हात होता?

मला हसू आलं, हे कबूल करते. खूप आलं. मग जरा काळजी वाटली. (आधी हसू, मग काळजी, हा क्रम लक्षात ठेव म्हणजे तुला माझ्याविषयी गैरसमज व्हायचा नाही.) बेचाळीस वर्षांच्या संसारात जो माणूस तुला न विचारता मोजे विकत घेत नाही, तो पहाटे परक्या बाईबरोबर निसर्ग बघतो आणि तू घोरतेस? आणि "लिहिण्यासारखं विशेष काही नाही"? अगं, ज्या बाईच्या रोजच्या स्कार्फची तू नोंद ठेवतेस, तिच्याबद्दल विशेष काही नाही? मी तुझ्या जागी असते तर जेवणाच्या टेबलावर डोळे उघडे ठेवले असते. तेवढंच सुचवते. मला काय करायचंय?

इकडे एक विचित्र गोष्ट झालीय. नॉर्मननं ते कार्ड साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवलंय. सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडे बघत बसतो. मी हलवलं तर पुन्हा तिथेच ठेवतो. काल जेवणानंतर ॲपल पायचा दुसरा तुकडा नको म्हणाला. नॉर्मन! नको म्हणाला!

आर्डिस

*

जुनो, अलास्का
२१ जून १९८७

आर्डिस,

तुझं पत्र एजंटच्या ऑफिसात उभ्यानंच वाचलं आणि ते फाडून बंदरात फेकणार होते. पण बंदरात कचरा टाकला तर दंड आहे.

हो, मी खोटं लिहिलं. मला डोंगर दिसला नाही. तुला काय वाटेल या विचारानंच मी ते लिहिलं, तेव्हा दोष तुझाही आहे. त्या सकाळी मी उठले तेव्हा सगळीकडे राखाडी ढग. लेलँड पलंगाच्या काठावर बूट घालून बसला होता. म्हणाला, "डोंगर दिसला, मार्व्हल." मी म्हटलं, "मला का नाही उठवलंस?" तर म्हणाला, "उठवलं होतं." मला उठवलं असतं तर मला कळलं नसतं का?

तेव्हापासून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतोय. बोटीवर जेवणाला टेबलं ठरलेली असतात, रोज तीच माणसं, तीच खुर्ची. आमच्या टेबलावर ते सपातावाले टेक्ससचे गृहस्थ, त्यांची बायको, आम्ही दोघं आणि ओडेटबाई. रोज कुणीतरी विचारतंच, "तुम्हाला डोंगर दिसला का हो?" कारण बोटीवर या एका गोष्टीवरून माणसाची किंमत ठरते. मग लेलँड म्हणतो, "आम्हाला दिसला." आम्हाला! मी शेजारी बसलेली असते, आणि त्या "आम्हाला"मध्ये मी नसते! म्हणताना तो तिच्याकडे बघतो आणि ती सूपमध्ये बघते. ते बघणं मी ओळखते, आर्डिस. दोघांचं काहीतरी गुपित आहे. मी काही आंधळी नाही.

परवा बोट हिमनदीसमोर थांबली. चर्चएवढा बर्फाचा कडा कडाडून समुद्रात कोसळला, सगळे ओरडले, टाळ्या वाजल्या. मला काय दिसलं सांगू? तिचा हिरवा स्कार्फ, आणि तो वाऱ्यानं उडत लेलँडच्या बाहीला लागत होता. जन्मात एकदा आले इथे, आणि मी बघून काय आले, तर स्कार्फ.

मी त्याला काल विचारलं, "ती आवडते का तुला?" तो म्हणाला, "कोण?" "कोण" म्हणणाऱ्या पुरुषावर विश्वास ठेवायचा नसतो.

आता ऐक. बुधवारी व्हँकुव्हरला उतरायचंय. आदल्या संध्याकाळी सगळ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या नेऊन थेट बंदरावर उतरवतात. लेलँडची बॅग बेचाळीस वर्षं मीच भरतेय, यंदाही मीच भरणार. सगळ्या पँटी भरणार. एकूण एक. मग बघू सकाळी पायजम्यावर कुणाशी नजरानजर करतो ते.

सिएटलला लिही. उपदेश नको.

मार्व्हल

*

डेकोरा
२६ जून १९८७

प्रिय मार्व्हल,

उपदेश नाही, पण सगळ्या पँटी, हे फार उत्तम. हे पत्र पोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलं असेल. एकही बारीकसारीक गोष्ट न गाळता लिही. पायजमा निळ्या पट्ट्यांचा होता का?

आता माझं ऐक, कारण माझ्या घरात भूकंप झालाय. मंगळवारी मी वाटाणे सोलत होते. नॉर्मन आत आला, टोपी न काढता उभा राहिला आणि म्हणाला, "ती पुस्तिका कुठाय?"

मी म्हटलं, "कुठली?"

"नाटक करू नकोस. अलास्काची."

मग खुर्चीत बसून त्यानं जे काही बोलायला सुरुवात केली! एवढं तर तो आमच्या लग्नात बोलला नव्हता. "सव्वा वर्ष, आर्डिस. सव्वा वर्ष मी त्या बेटावर बसून होतो. तिथेही मोठा पर्वत आहे म्हणायचे. मला कधी पायथासुद्धा दिसला नाही. धुक्यात स्वतःचे बूट दिसायचे नाहीत. आणि हा लेलँड, कान अधू म्हणून ज्याला सैन्यानं घेतलं नाही, हा आठवडाभर जातो, आणि त्याला दिसतो? लेलँडला?" शेवटचा शब्द तो इतक्या जोरात म्हणाला की कोंबड्या पांगल्या.

तर पुढच्या जूनमध्ये जायचं म्हणतोय. रेल्वे, लॉज, बोट, सगळं. ४ जुलैला चर्चच्या पिकनिकमध्ये सगळ्यांना सांगणार म्हणतो, आणि तू ओळखतेस त्याला, चारचौघांत बोलला की तो मागे फिरत नाही. तोवर मी श्वास रोखून बसलेय.

तुला वाटेल, मी नाचत असेन. सोमवारी कुणी सांगितलं असतं तर नाचले असते. पण मंगळवारी रात्री मी पडल्या पडल्या रडले, मार्व्हल. नऊ वर्षं मी मागत होते. नऊ वर्षं ती पुस्तिका त्याच्या चमच्यांच्या खाली होती. माझ्यासाठी त्याला ती कधी दिसली नाही. लेलँडचं एक कार्ड आलं, आणि दिसली. तुझ्या प्रवासाचा हेवा मी समजू शकते. पण माझ्याच नवऱ्याला हलवता आलं म्हणून तुझ्या नवऱ्याचा हेवा वाटावा, याला काय म्हणायचं?

काही का असेना, जायला मिळतंय. त्याचं मन मोडेल असं काही घडू नये म्हणजे झालं. बूट कुठले घ्यायचे ते लिही.

आर्डिस

*

सिएटल
३० जून १९८७

प्रिय आर्डिस,

हो, निळ्या पट्ट्यांचा.

मंगळवारी संध्याकाळी मी त्याची बॅग भरली, कुलूप लावलं, बाहेर ठेवली. सकाळी तो उठला, कपाट उघडलं, खुर्चीखाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी नाकाला पावडर लावत होते. म्हणाला, "माझी पँट?" मी म्हटलं, "उठवलं होतं तुझ्या पँटीला. ती उठली नाही."

त्यानं पायजम्यावर शर्ट खोचला, टाय बांधला, वर कोट घातला, आणि आम्ही उतरलो. शिडीच्या पायथ्याशी बोटीचा फोटोग्राफर सगळ्यांचे फोटो काढत होता. मला क्षणभर त्याची दया आली. पण तेवढ्यात ओडेटबाई आल्या. त्यांनी आपल्या पिशवीतून पिवळी प्लास्टिकची विजार काढली, पावसात वरून घालतात तसली, आणि म्हणाल्या, "घ्या लेलँड, माझी मोठीच होते मला." आणि यानं घेतली! बंदरावर, सगळ्यांसमोर, एका पायावर नाचत चढवली!

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "वा! आधी डोंगर दाखवलात, आता माझ्या नवऱ्याच्या विजारीही तुम्हीच पुरवा!" टेक्ससचे गृहस्थ तिथून निघायला तयार होईनात.

ओडेटबाई लेलँडला म्हणाल्या, "मला माफ करा, मी शब्द दिला होता, पण आता हे पुरे झालं." आणि मला म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्यानं डोंगर पाहिलेलाच नाही."

आर्डिस, असं झालं होतं. त्या पहाटे मुलगी दार ठोठावून गेली. लेलँड धावत गच्चीवर पोचला तेव्हा ढग नुकते फाटायला लागले होते, फक्त ओडेटबाई तिथे उभ्या होत्या. खालचा थोडा बर्फ दिसला, आणि हा म्हणाला, "थांबा, मार्व्हलला बोलावतो." त्या म्हणाल्या, "अहो, आधी बघून तरी घ्या!" तर म्हणाला, "तिच्याशिवाय कसं बघू?" आणि पळाला. आमची खोली त्या टोकाला. त्यानं मला हलवलं. मी म्हणे त्याला चापट मारली आणि म्हटलं, "डोंगर कुठे पळून जातोय का? झोपू दे." त्यानं पुन्हा हलवलं. मी उशी डोक्यावर घेतली. तो परत धावत गेला तेव्हा ढग मिटले होते. ओडेटबाईंना आख्खा डोंगर दिसला होता, शिखरासकट. त्या रडत होत्या. आणि हा धापा टाकत उभा होता, राखाडी ढगाकडे बघत.

मी लेलँडला विचारलं, "मग दिसला असं का सांगितलंस?" तो त्या पिवळ्या विजारीत उभा राहून जमिनीकडे बघत म्हणाला, "चाळीस वर्षं दर रविवारच्या जेवणाला नॉर्मनचं 'पाहिलाय मी, पाहिलाय मी' ऐकतोय. एकदा मलाही म्हणायचं होतं. कार्ड टाकून बसलो, मग सगळ्यांना तेच सांगावं लागलं. आणि तुला खरं सांगितलं असतं तर तुझ्यामुळे हुकला असं झालं असतं. तुला सहलभर खात राहिलं असतं ते."

मी बंदरावर बसून रडले. ओडेटबाईंनी डोळे पुसायला तो हिरवा स्कार्फ दिला. अजून माझ्याकडेच आहे. छान आहे. खरं सांगायचं तर आता मला त्या बाईचा वेगळाच हेवा वाटतो, तिला एकटीला दिसला म्हणून. पण माझ्यापायी कुणी डोंगराकडे पाठ फिरवली, तेही मी घोरत असताना. हे तुला लिहिताना मला जरा ऐट येतेय, ती तू सहन कर.

एक मात्र आहे. लेलँडला आता खोटेपणा सोसवत नाही. तुझ्या पत्रातलं नॉर्मनचं मी त्याला वाचून दाखवलं, तर तो आणखीच ओशाळला. टेबलावर बसून नॉर्मनला खरं खरं लिहितोय. मी म्हटलं थांब, पण ऐकत नाही.

बूट घोट्यापर्यंतचे घे.

मार्व्हल

*

डेकोरा
५ जुलै १९८७

प्रिय मार्व्हल,

तुझं पत्र शुक्रवारी नॉर्मननंच टपालपेटीतून आणून दिलं. मी ते बाथरूममध्ये जाऊन वाचलं. "तिच्याशिवाय कसं बघू?" इथे मी थांबले. त्या बोटीचा, रेल्वेचा, काचेच्या छताचा मिळून मला जेवढा मत्सर वाटला नव्हता तेवढा त्या तीन शब्दांचा वाटला. आणि तू त्या माणसाची पँट पळवलीस. तुझ्यासारखी नशीबवान आणि मठ्ठ बाई आयोवात दुसरी नसेल.

मग शेवटचा परिच्छेद वाचला. लेलँडचं पत्र! नॉर्मनला कळलं की लेलँडला डोंगर दिसलाच नाही, की संपलं. तो म्हणणार, "बघ, मी म्हणत होतो, धुकं," आणि पुन्हा टोमॅटो. मी ठरवलं, उद्या टपालवाला आला की मीच पेटीपाशी उभी राहीन. शनिवारी टपाल नाही, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, हे डोक्यातच नव्हतं. वेड्यासारखी सकाळी रस्त्यावर उभी होते.

पिकनिकला मी जीव मुठीत धरून बसले होते. नॉर्मन बटाट्याचं सॅलड घेऊन उठला, पाद्रीबाबांच्या टेबलापाशी गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पुढच्या जूनमध्ये मी आणि आर्डिस अलास्काला चाललोय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले, पण मनात म्हटलं, लेलँडचं पत्र सोमवारी येणार, आणि हा तोंडघशी पडल्यासारखा माझ्यावरच उखडणार.

परतताना ट्रकमध्ये तो शिट्टी वाजवत होता. एकदम म्हणाला, "लेलँडला काही दिसलं नाही म्हणे."

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. काल पत्र आलं, तुझ्या पत्राबरोबरच. खिशात आहे."

"म्हणजे कालपासून तुला ठाऊक होतं? मग तरी सगळ्यांसमोर सांगितलंस?"

"मग? आता तर जायलाच हवं," नॉर्मन म्हणाला. "त्याला दिसला असता तर मी बघूनही आम्ही बरोबरीतच राहिलो असतो. आता मला दिसला की मी पुढे."

म्हणजे अजूनही लेलँडच! मग मला राहवलं नाही. मी विचारलं, "नॉर्मन, डोंगर उघडला आणि मी खोलीत झोपलेली असले, तर तू मला बोलवायला परत येशील?"

"नाही," तो म्हणाला. एका क्षणात. विचारसुद्धा न करता.

माझा चेहरा काय झाला असेल ते तू ओळख. त्यानं ट्रक हळू केला आणि माझ्याकडे बघितलं, त्या तुमच्या मूससारखं. "तू कशाला झोपलेली असशील, आर्डिस? नऊ वर्षं ते चमच्याखाली ठेवून बसलीयस. तू तर ढग फाटायच्या आधीच बाहेर उभी असशील. झोपलेला मी असेन." मग म्हणाला, "तू येशील का मला उठवायला?"

मार्व्हल, म्हणजे ती पुस्तिका त्याला दिसत होती. सगळी वर्षं दिसत होती. त्यावर भांडायला मी तोंड उघडलं, आणि मग त्याचा प्रश्न माझ्या ध्यानात आला. डोंगर समोर उघडतोय, मी गच्चीवर एकटी, आणि तो त्या टोकाच्या खोलीत घोरतोय. मी पाठ फिरवेन? मी?

घरी पोचलो तरी मी उत्तर दिलं नव्हतं. तो कोंबड्या कोंडायला गेला. अजूनही उत्तर दिलेलं नाही, आणि विचारसुद्धा न करता पाठ फिरवणाऱ्या लेलँडचा आता मला जो हेवा वाटतोय तो नॉर्मनच्या हेव्याहून मोठा आहे.

पुढच्या जूनपर्यंत वेळ आहे. तुम्ही परत आलात की कोंबड्यांचं सगळं तुला शिकवते, आम्ही गेलो की त्या तुझ्या गळ्यात. तो स्कार्फ मात्र आणायला विसरू नकोस, मला बघायचाय.

आर्डिस